सायकल ट्रॅकची वाट न बघता

मुंबईत सायकल चालवायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘पण चालवणार कुठे?’ प्रश्न रास्त आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकलींसाठी वेगळे पट्टे आखले गेले, त्यांवर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि शेवटी ते पट्टेच गेले. पवई तलावाकाठी सायकल ट्रॅक बांधायला घेतला, तो तलावाच्याच मुळावर येणारा होता. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं आणि ते योग्यच झालं. वांद्रे-वरळी सागरी सेतू, पूर्व मुक्त मार्ग, कोस्टल रोड, अटल सेतू या अलीकडच्या मोठ्या रस्त्यांपैकी एकावरही सायकलला प्रवेश नाही. कोणी आपल्यासाठी रस्ता करून देईल म्हणून थांबायचं ठरवलं तर थांबण्यातच उमेद संपेल.

आणि तरीही रविवारी सकाळी सहा ते साडेआठ या वेळात याच मुंबईत सायकल चालवणं हे मोठं सुख आहे. रस्ते तेच असतात, वेळ तेवढी वेगळी असते. हे मी शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी लिहीत नाही आणि रोज सायकलने कामाला जाणाऱ्यांसाठीही नाही. त्यांना जे कळतं ते मला शिकवायची गरज नाही. लहानपणी तासावर भाड्याची सायकल घेऊन गल्लीत फिरवली, पुढे कित्येक वर्षं हँडलला हात लावला नाही आणि आता पुन्हा चालवावीशी वाटते, पण धीर होत नाही, अशा वाचकांसाठी हे आहे.

वेळेचं आधी बघू, कारण इथल्या सायकलीच्या आनंदाचा बारा आणे भाग वेळेवर ठरतो. मे महिन्याच्या अखेरीला सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, जानेवारीत त्याला सव्वासात होतात. त्यामुळे ‘सहाला निघू’ हे वर्षभर सारखं लागू पडत नाही. हिवाळ्यात सहाला अजून अंधार असतो. फटफटलं की निघावं. फार आधी निघू नये, विशेषतः रविवारी, कारण शनिवारी रात्री बाहेर पडलेल्या मोटारी पहाटेपर्यंत घरी परतत असतात आणि चालवणारे सगळेच शुद्धीत असतात असं नाही. मध्यरात्रीच्या सायकल फेऱ्यांचं मुंबईत बरंच वेड आहे. नवख्या माणसाला मी त्या सुचवणार नाही.

किनाऱ्यावरच्या शहरात वाऱ्याचंही वेळापत्रक असतं. रात्रभरात जमीन गार होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे आणि तोही मंद वाहतो. ऊन चढलं, जमीन तापली की तो उलटा फिरतो आणि समुद्रावरून, पावसाळा सोडला तर बहुतेक वायव्येकडून, जोर धरतो. बोरिवलीहून कुलाब्याला गेलेल्या माणसाला उशिरा परतताना हा वारा तोंडावर घ्यावा लागतो. जाताना वाटतं, अरे, आपण तर चांगलेच तंदुरुस्त आहोत; येताना माहीम सोडेपर्यंत मांड्या भरून येतात. उपाय दोनच. लवकर परत फिरा, नाहीतर परतीचा प्रवास सायकलवर करूच नका. घडीची सायकल असेल तर ती दुमडून, पिशवीत घालून रविवारच्या रिकाम्या लोकलने मालडब्यातून आणता येते. अंधेरी ते दहिसर या टापूत मेट्रोच्या २ए आणि ७ या मार्गांवर सायकल डब्यात न्यायची सोय आहे; स्थानकावरच्या सुरक्षारक्षकाला कोणत्या दाराने चढायचं ते विचारून घ्या. अर्ध्या वाटेवर दमून मेट्रोत बसण्यात कमीपणा काहीच नाही. सगळं अंतर स्वतःच्या पायांनी कापलंच पाहिजे या हट्टापायी कितीतरी लोकांच्या सायकली दुसऱ्या महिन्यात जिन्याखाली गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

सायकल कोणती घ्यावी, यावर लोक महिनोन्‌महिने चर्चा करतात आणि तेवढे दिवस चालवत नाहीत. मित्राची, भाच्याची, भाड्याची, जी मिळेल तिच्यावर आधी चालवून बघा. आपल्याला गोडी लागते आहे असं दिसलं की मग स्वतःची घ्या, आणि ती साधी घ्या. पातळ टायरची रोड सायकल मुंबईच्या पेव्हर ब्लॉकवर हाडं खिळखिळी करते, आणि रस्त्याच्या दिशेने पट्ट्या असलेल्या गटाराच्या जाळीत तिचं चाक अडकू शकतं. जाडजूड टायरची आणि शॉकअप लावलेली एमटीबी रुबाबदार दिसते, पण डांबरी रस्त्यावर ती ओढत न्यावी लागते. या दोन्हींच्या मधली, जिला दुकानदार हायब्रिड म्हणतात, तिला ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर असतील तर शहरासाठी दुसरं काही शोधायला नको. मडगार्ड आणि कॅरिअर लावून घ्या. मडगार्ड नसेल तर पावसात पाठीवर चिखलाची सरळ रेघ उमटते. व्हॉल्व मोटारीच्या टायरसारखा जाड असेल तर उत्तम, कारण मग गल्लीतला पंक्चरवालाही हवा भरू शकतो आणि पेट्रोल पंपावरही ती फुकट मिळते. दाब किती ठेवायचा ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. पंपावर मोटारीच्या सवयीने भसकन हवा सोडतात, तेव्हा आकडा आधी सांगा आणि लक्ष ठेवा.

सीटच्या उंचीबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण रस्त्यावर दिसणाऱ्या दहापैकी सात-आठ सायकलस्वारांची सीट खाली असते. पडायची भीती असते, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असं वाटतं, म्हणून ती खाली घेतली जाते. मग गुडघे पोटाशी येतात, पॅडल मारताना पाय कधी पूर्ण सरळ होत नाही आणि महिन्याभरात गुडघे बोलायला लागतात. दोष सायकलीला आणि वयाला दिला जातो. उंची ठरवायची रीत सोपी आहे. एका हाताने भिंत धरून सायकलवर बसा. एक पॅडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. या स्थितीत गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा पॅडलवर ठेवा. गुडघ्याला आता जेवढा किंचित बाक येतो तेवढाच बरोबर. या उंचीवर बसल्याबसल्या पाय जमिनीला नीट टेकणार नाहीत, आणि टेकायचेही नसतात. थांबताना सीटवरून पुढे, दांड्याच्या वर उतरायचं आणि एक पाय खाली टेकायचा. घरासमोर पंधरा मिनिटं फक्त उतरण्या-चढण्याचा सराव करा. सिग्नलला थांबायची भीती तिथेच जाते.

तसंच गिअरचं. जड गिअर टाकून दात-ओठ खात पॅडल दाबणं म्हणजे व्यायाम, असा एक समज आहे. हलका गिअर ठेवा, पाय मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्यांच्या लयीत सहज फिरू द्या. दम लागला तरी तो उतरतो, दुखावलेला गुडघा महिनोन्‌महिने घेतो. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करा. चढावर मध्येच जोर लावून बदलायला गेलात तर चेन उतरते आणि बोटं काळी होतात. बूड पहिले पंधरा दिवस दुखतं. ते सगळ्यांचंच दुखतं. त्यावर गुबगुबीत जेलची सीट हा उपाय वाटतो, पण लांबच्या फेरीत मऊ सीटमध्ये रुतलेली जागा जास्त ठणकते. साधी, जराशी घट्ट सीट आणि आतून पॅड असलेली चड्डी याने बरं वाटतं.

हेल्मेट घाला. मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा लावा, आणि तो उजाडल्यावरही चालू राहू दे. घंटा हवीच.

आता रस्त्यावर वागायचं कसं ते. डावीकडून चालवायचं, पण कडेला चिकटून नाही. अगदी कडेला फुटका काठ असतो, वाळू असते, गटाराच्या जाळ्या असतात आणि उभ्या मोटारी असतात. मोटारीचं दार पूर्ण उघडलं तरी लागणार नाही इतकं, म्हणजे मीटरभर अंतर ठेवा. रिक्षा प्रवासी दिसला की क्षणात डावीकडे वळते; फुटपाथवर हात वर केलेला माणूस दिसला की पुढची रिक्षा थांबणार हे धरूनच चाला. स्टॉपकडे निघालेल्या बेस्टच्या बसच्या डावीकडून कधीही घुसू नका. सकाळी लवकर रस्ते मोकळे असतात तेव्हाच डंपर, काँक्रीट मिक्सर आणि पाण्याचे टँकर फिरत असतात. त्यांच्या डाव्या बाजूचं बरंच काही चालकाला दिसत नाही. तुम्हाला आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. अशी गाडी सिग्नलला उभी असेल तर तिच्या शेजारी जाऊन थांबू नका, मागे थांबा. ती डावीकडे वळते तेव्हा मागचं चाक कोपरा कापून आत येतं, आणि तिथेच माणसं जातात. या एका बाबतीत मी कोणालाही, कितीही अनुभवी असो, सूट देणार नाही.

उड्डाणपूल टाळा. पुलावर जोडांच्या फटी असतात, कडेला निसटायला जागा नसते आणि गाड्या सुसाट येतात. जे. जे. पुलावर तर दुचाकींनाच मनाई आहे. खालच्या रस्त्याने सकाळी सहा-सातला जाताना दोन सिग्नल जास्त लागतील, इतकंच. कुत्रे मागे लागले तर जोरात पळवायचा मोह होतो. त्याने पाठलाग आणखी चेकाळतो. वेग कमी करा, उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि चालत पुढे जा. त्यांच्या गल्लीची हद्द संपली की ते परत जातात. बायकांना पहाटे बाहेर पडताना स्वच्छतागृहाची अडचण सगळ्यात मोठी वाटते, आणि ती खरी आहे. पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह पेट्रोल न भरणाऱ्यांनाही वापरता यायला हवं असा नियम आहे. तो हक्काने सांगा. नाश्त्याची जागा ठरवताना तिथे सोय आहे का हे आधी बघून ठेवा, म्हणजे सगळी सकाळ त्या एका चिंतेत जात नाही.

सुरुवात कुठे करावी? घराजवळचा एखादा असा तुकडा शोधा जो कामाच्या दिवशी गजबजलेला आणि रविवारी ओस असतो. वांद्रे-कुर्ला संकुल रविवारी सकाळी असंच असतं. दक्षिणेकडे राहणाऱ्यांसाठी बॅलार्ड इस्टेटसारखी जागा नाही. गोदी खणताना निघालेल्या मातीने समुद्रात भराव घालून पोर्ट ट्रस्टने ही वसाहत केली आणि तिचं रूप जॉर्ज विटेट यांनी ठरवलं, ज्यांनी गेटवे ऑफ इंडियाही उभारला. रुंद, काटकोनात छेदणारे रस्ते, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या दगडी इमारती आणि डोक्यावर झाडं. पोरांना सायकल शिकवायला, आणि मोठ्यांना विसरलेली आठवायला, मला मुंबईत यापेक्षा निवांत जागा माहीत नाही. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्ल्या, दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीतल्या पाच बागांभोवतीचे गोल रस्ते हेही तसेच. शिवाय दमलात की दहा मिनिटांवर फिल्टर कॉफी आणि इडली आहे.

हात बसला की समुद्राच्या कडेने दक्षिणेकडे जायची फेरी करावीच. वांद्र्याहून निघालात तर माहीम कॉजवे, वीर सावरकर मार्ग, शिवाजी पार्क, वरळी सी फेस, हाजी अली, मग पेडर रोडचा चढ, खाली चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह. एका बाजूने अठरा-वीस किलोमीटर होतात. डाव्या बाजूने चालवायचं असल्यामुळे मरीन ड्राइव्हवर नरिमन पॉइंटकडे जाताना तुम्ही इमारतींच्या अंगाला असता आणि परतताना समुद्राच्या. म्हणून जाताना घाई करू नका. सायकल फुटपाथला टेकवा आणि वर बघा: गोलाई दिलेले सज्जे, खिडक्यांवर भुवईसारखे आलेले छज्जे, इमारतींच्या नावांची ती विशिष्ट वळणाची अक्षरं. इथल्या आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या या आर्ट डेको इमारती, मैदानापलीकडच्या गॉथिक इमारतींसह, २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. मोटारीतून आयुष्यभर इथून ये-जा केलेल्या माणसालाही त्या सायकलवरून पहिल्यांदा दिसतात.

सायकलीची खरी गंमत मात्र मला मोठ्या रस्त्यांपेक्षा आतल्या वस्त्यांत वाटते. मुंबईची जुनी गावठाणं आणि कोळीवाडे पायी फिरायला एकमेकांपासून लांब आहेत आणि मोटारीला तिथे वाव नाही. वांद्र्याच्या रनवारमधली लाकडी जिन्यांची घरं आणि कोपऱ्यावरचे क्रूस, गिरगावातली खोताची वाडी, वरळी कोळीवाड्याच्या टोकाचा किल्ला, दादरला पुलाखालचा फुलबाजार, जिथे सकाळी झेंडूच्या राशींतून वाट काढावी लागते: यातली कुठलीही दोन ठिकाणं जोडली की एका रविवारची फेरी झाली. ठरवून जायचं ते ठिकाणाला. किलोमीटर आपोआप होतात. मोबाइलवर रोजचा वेग आणि अंतर नोंदवून इतरांशी ताडून बघण्याची सवय लागली की माणूस रस्त्याकडे बघायचं विसरतो, म्हणून सुरुवातीला तरी ती नोंद बंदच ठेवा. वस्तीत शिरताना उतरून सायकल हातात धरावी. लोक दारात दात घासत असतात, पाणी भरत असतात. ती गल्ली त्यांच्या घराचाच भाग आहे.

उपनगरात राहणाऱ्यांच्या उशाला जंगल आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सायकल भाड्याने मिळते, त्यामुळे स्वतःची नसली तरी चालतं. दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता सावलीतला आहे. शेवटचा टप्पा चांगला चढाचा आहे आणि तिथे उतरून चालण्यात लाज नाही. वर शंभरावर लेणी आहेत. नुसता चैत्य बघून लोक परततात, पण कड्याच्या दगडात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या आणि त्यांच्यात पाणी आणणाऱ्या पन्हळी जरूर बघा. पावसाचं पाणी अडवून वर्षभर पुरवायचं, हे काम या बेटावर दोन हजार वर्षांपूर्वी किती नेटकं केलं होतं ते तिथे दिसतं. माकडांपासून खाऊ जपा, पिशवी हँडलला लटकवून ठेवू नका. उद्यान सोमवारी बंद असतं.

एकच फेरी सुचवायची झाली तर मी मढ-मनोरीची सुचवेन, कारण तिच्यात बोट आहे. वर्सोव्याच्या जेट्टीवरून खाडी ओलांडून मढला जाणारी होडी काही मिनिटांतच पलीकडे पोचते. सायकलचं थोडं वेगळं भाडं घेतात. होडीत चढताना सायकल आधी द्यायची, मग आपण चढायचं. होडीवाले ती एका हाताने उचलून घेतात. ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे सायकल खांद्यावर घेऊन उतरायची फुशारकी करू नका. मढ कोळीवाड्यातून बाहेर पडलं की मार्वेपर्यंत साधारण दहा किलोमीटरचा रस्ता आहे. पाऊस सरल्यानंतरच्या महिन्यांत बांबूंवर वाळत घातलेले बोंबील दिसायच्या आधी वासानेच कळतात. जवळ गेलात तर दिसेल की दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून जोडीने टांगलेले असतात, दोरी किंवा चिमटा काही नाही. पुढे एरंगळला समुद्राला लागून पोर्तुगीज काळातलं सेंट बोनाव्हेंचरचं चर्च आहे. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी तिथे मोठी जत्रा भरते, त्या दिवशी या रस्त्याला सायकल नेऊ नका, किंवा नेलीत तर जत्रेसाठीच न्या. मग अक्सा. अक्साच्या पाण्यात उतरू नका, तिथला किनारा पोहणाऱ्यांना दगा देतो.

मार्वेला दुसरी होडी. ती मनोरीला सोडते आणि तिथून पुढे आपण मुंबईत आहोत हे विसरायला होतं: भाताची खाचरं, मिठागरं, विहिरी, ताडाची झाडं. गोराईला वळून विपश्यना पॅगोडा बघून बोरिवलीच्या होडीने परतता येतं. अंगात दम असेल तर उत्तनमार्गे भाईंदर गाठून तिथून घरी. आठ-साडेआठच्या आत मनोरीला पोचलात तर रस्ता तुमचा. त्यानंतर सहलीला आलेल्या मोटारी सुरू होतात. पावसाळ्यात वर्सोवा-मढ फेरी बंद असते, तेव्हा मालाडकडून मार्वेला जावं लागतं. सुटे पैसे, दोन केळी आणि पाण्याच्या दोन बाटल्या बरोबर ठेवा. घाम इतका येतो की नुसतं पाणी पुरत नाही. एका बाटलीत चिमूटभर मीठ-साखर आणि लिंबू घाला, आणि तहान लागायच्या आधी घोट घोट पीत राहा.

याच्या पुढची पायरी मांडवा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते आणि सायकल घेते. गेटवेहून सुटणाऱ्या लहान बोटी पावसाळ्यात बंद असतात, ही मात्र चालते. मांडवा ते अलिबाग वीस किलोमीटरच्या आसपास. पण अलिबागला पोचायलाच हवं असं नाही. सासवण्याला शिल्पकार वि. पां. करमरकर यांचं घर आणि संग्रहालय आहे. बागेत, ओसरीवर, सगळीकडे त्यांची शिल्पं आहेत. पुढे किहीम. सलीम अली १९३० च्या सुमारास तिथे राहत होते, आणि सुगरण पक्ष्याच्या विणीबद्दलचं त्यांचं गाजलेलं निरीक्षण त्यांनी तिथेच केलं. सासवणे, किहीम, एखाद्या घरगुती खाणावळीत मासळीचं जेवण आणि दुपारच्या बोटीने परत: एवढ्यात एक दिवस भरगच्च होतो. परतीच्या बोटीचं तिकीट आधी काढून ठेवा, सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. नवी मुंबईकरांना नोव्हेंबर ते मे या काळात ठाणे खाडीतले रोहित पक्षी आहेतच. पाम बीच रोडवर मोटारी फार वेगात जातात, म्हणून तो लवकर उरकून सीवूड्सकडच्या तळ्यांपाशी जास्त वेळ काढावा.

पावसात चालवावं का? रिमझिमीत जरूर, त्यासारखी हवा वर्षभर मिळत नाही. मात्र पहिल्या एक-दोन सरींत रस्त्यावर साठलेलं तेल वर येतं आणि डांबर साबणासारखं होतं, ते दिवस सोडा. झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं ओली असताना त्यांच्यावर ब्रेक दाबू नका, वळूही नका, सरळ ओलांडा. पाणी साचलेल्या रस्त्यातून सायकल नेऊ नका, चालतही नेऊ नका. खाली खड्डा आहे की उघडं मॅनहोल हे कळत नाही, आणि पायाला साधं खरचटलेलं असलं तरी त्या पाण्यातून लेप्टो होऊ शकतो. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवशी मरीन ड्राइव्ह आणि वरळीच्या कडेला जाऊ नये. मोठ्या भरतीच्या तारखा महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते, त्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

सोबत असावी, पण निवडून. सगळ्यात मागे राहिलेल्या माणसासाठी जो गट थांबतो, तो आपला. नाश्त्याला बसाल तिथे सायकल नजरेसमोर राहील अशी लावा, आणि कुलूप लावूनच. सायकलीच्या खालच्या बाजूला कोरलेल्या क्रमांकाचा फोटो आणि खरेदीची पावती जपून ठेवा. चोरी झाली तर पोलिसांना सांगायला तेवढाच पुरावा असतो.

घरी आल्यावर पाच मिनिटं तिच्यासाठी काढा. मुंबईची हवा खारट आहे, आणि समुद्राकडेची फेरी करून आलेली सायकल तशीच ठेवली तर चार दिवसांत चेन तांबूस दिसू लागते. ओल्या फडक्याने पुसा, कोरड्याने पुसा, चेन उलटी फिरवत तिच्या प्रत्येक सांध्यावर तेलाचा थेंब सोडा आणि वरचं तेल पुसून टाका. बाहेर राहिलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि दाते झिजतात. ब्रेकच्या रबरांवर आणि रिमवर तेल जाऊ देऊ नका. खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल नको, सायकलच्या चेनचं वेगळं तेल मिळतं.

राहिला प्रश्न ती ठेवायची कुठे. दोन खोल्यांच्या घरात सायकल हा पाहुणा असतो आणि जिन्यात ठेवली की शेजारी कुरकुरतात, आग लागली तर वाट अडते म्हणून त्यांचं खरंही असतं. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय लेखी द्या: पार्किंगमधल्या एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली उभ्या राहतात, भिंतीला लोखंडी आडवी दांडी ठोकली की कुलूप लावायची सोय होते, आणि वर पत्रा असला म्हणजे झालं. त्या सभेला सोसायटीतली पोरं सायकली घेऊन खाली उभी राहिली तर ठराव लवकर मंजूर होईल.